औषध पेशीच्या आत नेणारे प्रथिनकण

साताऱ्याच्या क्रांतिसिंह नाना पाटील रुग्णालयात किंवा सांगलीच्या वसंतदादा पाटील रुग्णालयात बाळ जन्मले की पहिल्या २४ तासांत त्याच्या मांडीत हिपॅटायटिस बीची लस टोचायची असते. त्या लशीत विषाणू नसतो. यीस्टच्या पेशींकडून बनवून घेतलेले प्रथिनांचे गोलसर कण असतात, साधारण २२ नॅनोमीटर व्यासाचे. एका मिलिमीटरचे दहा लाख भाग केले तर त्यातला एक भाग म्हणजे एक नॅनोमीटर. विषाणूच्या पृष्ठभागावरच्या एका प्रथिनाचे जनुक यीस्टमध्ये घालतात. यीस्ट ते प्रथिन तयार करते आणि प्रथिनाचे रेणू थोडा स्निग्धांश सोबत घेऊन आपोआप एकत्र येतात. अमेरिकेत ही लस १९८६ मध्ये मान्य झाली. आपल्याकडे हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सने १९९७ मध्ये ती देशात बनवून बाजारात आणली आणि तिची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्यात आली.

लशीतल्या या कणाला पेशीच्या आत काही पोचवायचे नसते. रोगप्रतिकारक यंत्रणेने त्याला ओळखावे, एवढेच त्याचे काम. पण २००३ मध्ये जपानी शास्त्रज्ञांनी याच जातीचा पोकळ कण वेगळ्या कामाला लावून पाहिला. हिपॅटायटिस बीचा विषाणू यकृताच्या पेशींनाच चिकटतो, कारण त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनात त्यासाठीचा खास भाग असतो. तो भाग असलेले कण त्यांनी यीस्टमध्ये बनवले, आत औषध आणि जनुके भरली आणि ती मानवी यकृताच्या पेशींत पोचवून दाखवली. रोग पसरवणाऱ्या विषाणूचे पत्ता शोधण्याचे कसब औषधाच्या कामी आले.

अशा कणांची माहिती वाचताना तीन प्रश्न हाताशी ठेवावेत. कण काय वाहून नेतो? कोणत्या पेशीला चिकटतो? आणि आत गेल्यावर कुठे उघडतो? पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे आता बऱ्यापैकी सापडली आहेत. तिसरा अजून छळतो.

पेशीचे आवरण ओलांडणे

आपण घेतो त्या बहुतेक गोळ्यांमधले औषधी रेणू फार लहान असतात. त्यांतले कित्येक पेशीच्या स्निग्ध आवरणातून सरळ आत झिरपतात. प्रथिने, आरएनए, डीएनए हे रेणू मात्र शेकडो-हजारो पटींनी मोठे. ते बाहेरच अडतात. बिघडलेले जनुक बदलायचे, एखाद्या जनुकाचे काम थांबवायचे किंवा पेशीत नसलेले प्रथिन पुरवायचे, तर या मोठ्या रेणूंना आत न्यावेच लागते.

पेशीला कण गिळता येतो. आवरणाचा एक भाग आत वळतो, कणाभोवती पिशवी तयार होते आणि ती आत ओढली जाते. या पिशवीला एंडोसोम म्हणतात. पण पिशवीत असणे म्हणजे पेशीच्या कारभारात पोचणे नव्हे. पिशवी हळूहळू आम्ल होत जाते आणि शेवटी पाचक विकरांनी भरलेल्या लायसोसोमला मिळते. तिथे आलेल्या मालाचे तुकडे होतात. स्निग्ध कणांतून दिलेल्या आरएनएवर २०१३ मध्ये झालेल्या मोजणीत पिशवीतून सुटून पेशीद्रवात पोचलेला वाटा जेमतेम १ ते २ टक्के निघाला. उरलेला सगळा वाया. म्हणून एखादा कण ‘पेशीत गेला’ अशी बातमी आली की तो पिशवीत गेला की पेशीद्रवात, हे विचारल्याशिवाय तिला किंमत देऊ नये.

प्रथिनच का?

कण स्निग्ध पदार्थाचा, सोन्याचा किंवा प्लॅस्टिकसारख्या बहुवारिकाचाही बनवता येतो. करोनाच्या एमआरएनए लशी स्निग्ध कणांतूनच दिल्या गेल्या. तरी प्रथिनाचे काही फायदे दुसऱ्या कशातही नाहीत. स्निग्ध कण आकाराने थोडे लहान-मोठे निघतात. ठरावीक संख्येच्या रेणूंनी बनलेले प्रथिनाचे कवच मात्र प्रत्येक वेळी तंतोतंत तेच बनते, कारण त्याची रचना जनुकात लिहिलेली असते. त्या लिखाणातले एक अक्षर बदलले की कवचाच्या ठरावीक जागी ठरावीक बदल होतो. काम संपले की शरीर प्रथिनाचे अमिनो आम्लांत विघटन करून टाकते.

फेरिटिन हे याचे सर्वांत सोपे उदाहरण. रक्तक्षयाच्या तपासणीत ‘सिरम फेरिटिन’ लिहून दिले जाते, तेच हे. शरीरातले लोह साठवून ठेवणारे हे प्रथिन २४ उपघटकांचे पोकळ गोलाकार कवच असते. बाहेरून १२ नॅनोमीटर, आतली पोकळी सुमारे ८ नॅनोमीटर, आणि त्या पोकळीत लोहाचे साडेचार हजारांपर्यंत अणू मावतात. फार आम्ल द्रावणात कवच सुटे होते, आम्लता कमी केली की पुन्हा जुळते. जुळताना द्रावणात डॉक्सोरुबिसिनसारखे कर्करोगाचे औषध असेल तर ते आत अडकते. शिवाय मानवी फेरिटिन पेशीच्या पृष्ठभागावरच्या ज्या प्रथिनाला (रिसेप्टरला) चिकटते, तो लोहाची जास्त गरज असलेल्या कर्कपेशींवर बरेचदा मोठ्या संख्येने असतो. काय वाहायचे आणि कुठे चिकटायचे, ही दोन्ही उत्तरे निसर्गाने एकाच प्रथिनात ठेवली आहेत. प्राण्यांवरच्या प्रयोगांत याचे निकाल चांगले आहेत.

मिरज-कऱ्हाडच्या रुग्णांना माहीत असलेले औषध

विल्यम वॉनलेस यांच्या मिशन रुग्णालयाच्या काळापासून मिरजेकडे उपचारासाठी लांबून लोक येतात. आज मिरज आणि कऱ्हाड या दोन्ही ठिकाणी कर्करोगावर केमोथेरपी होते. तिथल्या अनेक कुटुंबांना पॅक्लिटॅक्सेल हे नाव पाठ असते. हे औषध पाण्यात विरघळत नाही. म्हणून ते एरंडेलापासून बनवलेल्या एका द्रावकात देतात. त्रास बरेचदा या द्रावकाचाच होतो: अंगावर पुरळ, धाप, कधी जिवावर बेतणारी ॲलर्जी. त्यामुळे आधी स्टेरॉइड द्यावे लागते आणि सलाइन साधारण तीन तास चालते.

यावरचा उपाय आपल्याच रक्तात होता. अल्ब्युमिन हे रक्तद्रवात सर्वाधिक असणारे प्रथिन, यकृत ते बनवते, आणि पाण्यात न विरघळणारे रेणू वाहून नेणे हे त्याचे रोजचेच काम. अल्ब्युमिन आणि पॅक्लिटॅक्सेल प्रचंड दाबाखाली एकत्र घुसळून सुमारे १३० नॅनोमीटरचे कण बनवले गेले. जानेवारी २००५ मध्ये अमेरिकेने हे औषध स्तनाच्या कर्करोगासाठी मान्य केले. पुढे ते फुप्फुस आणि स्वादुपिंडाच्या कर्करोगासाठीही मिळाले, आणि आता भारतीय कंपन्यांचीही उत्पादने आहेत. एरंडेलाचा द्रावक गेला, सलाइन अर्ध्या तासावर आले. मान्यतेआधीच्या चाचणीत गाठ लक्षणीय आकसलेल्या स्त्रियांचे प्रमाण जुन्या औषधाने १९ टक्के होते, नव्याने ३३ टक्के. मात्र हातापायांना मुंग्या येऊन बधिरपणा येण्याचा तीव्र त्रास नव्या औषधात जास्त दिसला, कारण त्याची मात्राही जास्त होती. डॉक्टरांनी हे रुग्णाला आधी सांगायला हवे.

हा कण गाठ शोधत जातो, असे सांगितले जाते. तसे म्हणणे अतिशयोक्तीचे आहे. रक्तात गेल्यावर तो लवकरच सुटा होतो आणि औषध अल्ब्युमिनच्या एकेका रेणूला धरून फिरते. गाठीतल्या एका विशिष्ट प्रथिनामुळे तो तिथे जमतो, हा सुरुवातीचा दावा पुढच्या अभ्यासांत टिकला नाही. औषध चांगले आहे. पण त्याचे यश द्रावक टाळण्यात जास्त आहे, पत्ता शोधण्यात कमी.

सांगलीची हळद आणि दुधातले केसीन

सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. हळदीतल्या कर्क्युमिनची अडचण पॅक्लिटॅक्सेलसारखीच आहे: ते पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आतड्यातून फार थोडे शोषले जाते आणि शोषले गेलेलेही यकृत लगेच बदलून टाकते. दिवसाला काही ग्रॅम खाऊनही रक्तात त्याचा माग जेमतेम लागतो. म्हणून प्रथिनकणांच्या संशोधनात कर्क्युमिन हा नेहमीचा ‘माल’ आहे.

गायीच्या दुधातल्या प्रथिनांपैकी सुमारे ८० टक्के केसीन असते आणि ते शे-दोनशे नॅनोमीटरच्या गोलकांत गोळा झालेले असते. वासराला कॅल्शियम आणि फॉस्फेट पोचवण्यासाठी निसर्गाने घडवलेला हा कण. भिलवडीपासून कोरेगावपर्यंतच्या संकलन केंद्रांवर रोज जे दूध येते ते अशा अब्जावधी कणांमुळेही पांढरे दिसते. आयआयटी गुवाहाटीच्या संशोधकांनी २००८ मध्ये दाखवले की कर्क्युमिन केसीनच्या या गोलकांत जाऊन बसते आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या कर्कपेशींवर परिणाम करते.

इथे सावध राहायला हवे. काचेच्या बशीतल्या पेशींवर जे घडते ते पोटातून घेतलेल्या हळदीच्या दुधाने घडत नाही, कारण जठर केसीन पचवून टाकते. २०१७ मध्ये औषधी रसायनशास्त्राच्या नियतकालिकात आलेल्या सविस्तर आढाव्याने कर्क्युमिनवरच्या शंभराहून जास्त मानवी चाचण्यांकडे पाहून, काटेकोर चाचणीत ते यशस्वी ठरल्याचे एकही उदाहरण नसल्याचे नोंदवले. हळद आपल्या स्वयंपाकात आणि शेतीच्या अर्थकारणात मोलाची आहेच. पण ‘नॅनो हळद’ म्हणून कर्करोगावर विकली जाणारी बाटली रुग्णाचा वेळ आणि पैसा दोन्ही घेते.

मूळ तंत्र शिकण्यासारखे मात्र नक्की आहे, आणि ते महागही नाही. अल्ब्युमिनच्या द्रावणात ढवळत ढवळत इथेनॉल थेंबथेंब सोडले की प्रथिन पाण्यातून बाहेर पडून कणांत गोळा होते. मग कण घट्ट करण्यासाठी ग्लुटराल्डिहाइड घालतात. औषधनिर्माणशास्त्राच्या एम.फार्म.च्या औषधरचना शाखेत नॅनो तंत्रज्ञान आणि लक्ष्यवेधी औषधपुरवठा हा विषयच आहे. कऱ्हाडचे शासकीय औषधनिर्माणशास्त्र महाविद्यालय किंवा सांगलीचे आप्पासाहेब बिरनाळे महाविद्यालय अशा ठिकाणी शिकणाऱ्यांनी या विषयाकडे नुसता परीक्षेचा भाग म्हणून पाहू नये. इथून पुढच्या औषधांचा मोठा हिस्सा याच वाटेने येणार आहे.

सोळा कोटींचे इंजेक्शन

२०२१ मध्ये महाराष्ट्रभर लोकांनी दोन-तीन तान्ह्या मुलांसाठी पैसे जमवले. रोग होता स्पायनल मस्क्युलर ॲट्रोफी, औषध झोल्गेन्स्मा, किंमत सुमारे १६ कोटी रुपये. एका बाळासाठी केंद्र सरकारने सुमारे ६ कोटींचे आयात शुल्क आणि कर माफ केले. किमतीची चर्चा घरोघरी झाली. औषध काय आहे, याची फारशी झाली नाही.

ते औषध म्हणजे प्रथिनाच्या कणातून दिलेले जनुक. या मुलांमध्ये एसएमएन१ हे जनुक काम करत नाही, त्यामुळे मज्जारज्जूतल्या स्नायू हलवणाऱ्या पेशी मरत जातात. बाळाला मान धरता येत नाही, पुढे श्वासही घेता येत नाही. औषधात त्या जनुकाची चांगली प्रत एएव्ही९ नावाच्या निरुपद्रवी विषाणूच्या रिकाम्या कवचात भरलेली असते. कवच सुमारे २५ नॅनोमीटरचे, ६० प्रथिनरेणूंचे. विषाणूची स्वतःची जनुके काढून टाकलेली असतात, त्यामुळे तो वाढू शकत नाही. वजनाच्या दर किलोमागे १.१ गुणिले दहाचा चौदावा घात, म्हणजे ११० लाख कोटी कण शिरेतून एकदाच देतात.

तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर हे कवच सुंदर देते. एंडोसोमची पिशवी आम्ल झाली की कवचाच्या आत दडलेला एक भाग बाहेर येतो. हा भाग म्हणजे स्निग्ध आवरण कापणारे विकर. पिशवीला भोक पडते, कवच निसटते आणि पेशीच्या केंद्रकाकडे जाते. पेशी ज्या आम्लतेने आलेल्याला पचवते, तीच आम्लता या कणाला उघडण्याची खूण सांगते. उत्क्रांतीला लाखो वर्षांत साधलेली ही युक्ती माणसाने बनवलेल्या कणांत आणणे, हे आजच्या संशोधनाचे मोठे ध्येय आहे.

या औषधाच्या मर्यादाही गंभीर आहेत. एएव्ही९ विरुद्ध प्रतिपिंडे आधीच असलेल्या बाळाला ते देता येत नाही. एकदा दिल्यावर प्रतिपिंडे तयार होतात, म्हणून दुसरी मात्रा शक्य नाही. यकृतावर ताण येतो, त्यासाठी स्टेरॉइड आणि वारंवार रक्ततपासणी लागते. यकृत निकामी होऊन मृत्यू झाल्याच्या नोंदीही आहेत. कवचात फक्त सुमारे ४,७०० अक्षरांचा जनुकीय मजकूर मावतो, मोठी जनुके बसत नाहीत. आणि मृत झालेल्या पेशी परत येत नाहीत, त्यामुळे निदान जितके लवकर तितका फायदा जास्त. मला वाटते, लोकवर्गणीच्या आवाहनांइतकीच नवजात तपासणीची मागणी जोरात व्हायला हवी.

हुमणीच्या शत्रूकडून मिळालेली सुई

कृष्णाकाठच्या ऊसकऱ्याला उसाची मुळे खाणारी हुमणी अळी सांगावी लागत नाही. तिच्यावरचा एक जैविक उपाय म्हणजे ईपीएन, अर्थात कीडनाशक सूत्रकृमी. हेटेरोऱ्हॅब्डिटिस जातीचा हा सूक्ष्म कृमी अळीच्या शरीरात शिरतो आणि आपल्या आतड्यातले फोटोऱ्हॅब्डस हे जीवाणू तिथे सोडतो. अळी एक-दोन दिवसांत मरते आणि विटकरी लाल होते. मारणारा खरा जीवाणूच.

याच फोटोऱ्हॅब्डस कुळातल्या एका जीवाणूकडे प्रथिनांनी बनलेली, सुमारे १०० नॅनोमीटर लांबीची पिचकारी असते. तिच्या टोकाला चिकटण्यासाठी तंतू, मध्ये टोकदार नळी आणि तिच्याभोवती आकसणारे वेष्टण. तंतू कीटकाच्या पेशीला चिकटले की वेष्टण आकसते, नळी आवरणात घुसते आणि आतले विषारी प्रथिन थेट पेशीद्रवात जाते. एंडोसोमची पिशवी वाटेत येतच नाही. अमेरिकेतल्या फेंग झांग यांच्या गटाने २०२३ मध्ये या पिचकारीचे तंतू बदलले. प्रथिनांची रचना सांगणाऱ्या अल्फाफोल्ड या संगणकीय साधनाच्या मदतीने त्यांनी तंतूचा शेंडा मानवी पेशीला चिकटेल असा घडवला आणि विषाच्या जागी हवे ते प्रथिन भरले. ठरावीक कर्कपेशी मारता आल्या, जनुकात बदल करणारे कॅस९ आत पोचवता आले, जिवंत उंदराच्या मेंदूतल्या पेशींतही प्रथिन गेले.

हे माणसाच्या उपचारापासून अजून दूर आहे. पण मला या सगळ्या क्षेत्रातले हेच काम सर्वांत आशेचे वाटते, कारण ते तिसऱ्या प्रश्नाला वळसा घालते. जो जीवाणू आपल्या शेतात अळी मारतो, त्याच्या कुळाच्या अभ्यासातून ही वाट निघाली. कृषी आणि वैद्यक यांच्या प्रयोगशाळा एकमेकींच्या जवळ असाव्यात, याचे याहून चांगले कारण नाही.

पुणे आणि सिॲटल

पुण्यात दोन वेगळ्या तऱ्हेची कामे चालू आहेत. आयसर संस्थेत ब्रिट्टो संदनराज यांच्या गटाने निसर्गातल्या साध्या प्रथिनाला नेमक्या एका जागी पाण्यापासून पळणारी रासायनिक शेपटी जोडण्याची रीत बसवली. पाण्यात असे रेणू शेपट्या आत आणि प्रथिन बाहेर ठेवून आपोआप कण बनवतात, आणि शेपटी बदलून कणाचा आकार ठरवता येतो. ज्या प्रथिनाला कण बनवण्याची मुळात सवयच नाही त्याला ती लावणे, हे त्या कामाचे मोल.

दुसरे काम सिरम इन्स्टिट्यूटचे. ऑक्सफर्डने आखलेली मलेरियाची आर२१ लस तिथे बनते. तिचा गाभा हिपॅटायटिस बीच्या लशीतला तोच प्रथिनकण आहे, त्यावर मलेरियाच्या परजीवीच्या प्रथिनाचा तुकडा जोडलेला. जागतिक आरोग्य संघटनेने २ ऑक्टोबर २०२३ रोजी तिची शिफारस केली. ही लस आहे, पेशीत औषध नेणारा कण नव्हे. पण प्रथिनकण शुद्ध, एकसारखे आणि स्वस्तात कोट्यवधींच्या संख्येने बनवण्याचे कौशल्य आपल्या शेजारच्या जिल्ह्यात आहे, ही गोष्ट पुढच्या औषधांसाठी फार महत्त्वाची आहे.

सिॲटलमध्ये डेव्हिड बेकर आणि नील किंग यांच्या गटांनी निसर्गात नसलेली कवचेच संगणकावर आखली. त्यांच्या आराखड्यावर बेतलेली करोनाची लस दक्षिण कोरियाने जून २०२२ मध्ये मान्य केली. बेकर यांना २०२४ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. आता आम्लतेत आपोआप सुटणारी कवचे आखली जात आहेत.

रुग्णाने काय विचारावे

‘नॅनो’ हा शब्द जाहिरातीत फार लवकर पोचतो. कोणी असे औषध सुचवले तर देशात त्याला मान्यता आहे का, हे आधी विचारा. ते चाचणीचा भाग असेल तर सीटीआरआय या सरकारी नोंदवहीतला क्रमांक मागा. १५ जून २००९ पासून भारतात औषधांच्या मानवी चाचण्यांची तिथे नोंद सक्तीची आहे, आणि नोंदवही इंटरनेटवर कोणालाही मोफत पाहता येते. चाचणीत तुम्ही दिलेली संमती कधीही मागे घेता येते. मान्य औषधाचा त्रास झाला तर तो अंगावर काढू नका. डॉक्टरांना सांगा आणि औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या राष्ट्रीय कार्यक्रमाच्या १८००-१८०-३०२४ या मोफत क्रमांकावर कळवा. रुग्ण किंवा नातेवाईकही ही नोंद करू शकतात.